केबलचा सेट टॉप बॉक्स: नवा घेण्याआधी आणि रिचार्ज मारण्याआधी एवढं वाचा

संध्याकाळी सात वाजता टीव्ही लावला आणि पडद्यावर 'नो सिग्नल' आलं, की घरातून पहिला शब्द निघतो, "बॉक्स गेला." केबलवाल्याला फोन होतो. तो दोन दिवसांनी येतो, बॉक्स हातात घेऊन उलटापालटा करतो आणि म्हणतो, "नवा घ्यावा लागेल." घरात म्हातारी माणसं असतात, त्यांचा दिवस टीव्हीवर जातो. म्हणून आपण फार न विचारता पैसे काढून देतो. पावती मागत नाही.

पण दरवेळी बॉक्सच गेलेला असतो असं नाही. कधी पिन ढिली असते, कधी रिचार्ज संपलेला असतो, तर कधी खांबावरच्या मशीनची लाईट गेलेली असते. आणि बॉक्स खरोखर जळाला असेल तरी तो कुणाच्या मालकीचा आहे, वॉरंटीत आहे का, हे कागदावर नसेल तर भुर्दंड आपल्यालाच बसतो. म्हणून तीन प्रश्न कायम डोक्यात ठेवा: बिघाड नक्की कुठे आहे, बॉक्स कुणाचा आहे, आणि आपण पैसे कशाचे देतोय. या तिन्हींची उत्तरं शोधायला लागणारी माहिती इथे एका जागी दिली आहे.

बॉक्स मुळात करतो काय?

पूर्वी केबलची वायर थेट टीव्हीच्या मागे लावली की चॅनल दिसायची. तो ॲनालॉग सिग्नल होता. वायर दूरवरून आली की चित्राला मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचं. आता कंपनीच्या मुख्य केंद्रातून डिजिटल सिग्नल येतो आणि तो कुलूप लावून पाठवलेला असतो. त्या कुलपाची किल्ली म्हणजे आपला बॉक्स.

प्रत्येक बॉक्सला स्वतःचा नंबर असतो. काही बॉक्समध्ये वेगळं कार्ड असतं, काहींमध्ये ते आतच बसवलेलं असतं. या नंबराला कुणी व्हीसी नंबर म्हणतं, कुणी बॉक्स नंबर. आपण कोणती चॅनल घेतली आणि रिचार्ज कधीपर्यंत आहे, ही नोंद कंपनीच्या संगणकात या नंबरापुढे असते. कंपनी केबलमधूनच बॉक्सला हुकूम पाठवते, 'एवढी चॅनल उघड, एवढी बंद ठेव.' रिचार्ज केल्यावर बॉक्स चालू ठेवावा लागतो तो यासाठीच. बॉक्स बंद असेल तर तो हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही.

नवीन एलईडी टीव्हीत डिजिटल केबलचा ट्यूनर असला तरी वायर थेट लावून चॅनल उघडत नाहीत, त्याचं कारणही हेच कुलूप. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन कितीही 'ऑटो स्कॅन' केलं तरी उपयोग होत नाही.

आपल्याकडे हा बॉक्स सक्तीचा कधी झाला?

केबल टीव्हीचा कायदा १९९५ चा आहे. त्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि सगळं केबल जाळं टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही महानगरं होती. तिथे ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), सोलापूर अशी मोठी शहरं आली. त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ होती.

तिसऱ्या टप्प्यात राहिलेली शहरं होती. आपल्या भागात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई ही नगरपालिकांची गावं त्यात आली. ती मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१७ वर गेली. वाड्या-वस्त्या आणि खेडी चौथ्या टप्प्यात होती, त्यांना ३१ मार्च २०१७ ची मुदत मिळाली. त्या वेळी घेतलेले बॉक्स अजूनही पुष्कळ घरांत आहेत. ते जुने झालेत आणि त्यांच्या पावत्या कुणाकडेच नाहीत. आज होणाऱ्या वादांचं मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

कुठला बॉक्स कुठे चालतो?

इथे फसगत फार होते. दिसायला सगळे डबे सारखेच, पण कामं वेगळी.

- केबलचा बॉक्स: खांबावरून आलेल्या केबलवर चालतो, आणि तोही ज्या कंपनीचा सिग्नल आहे तिचाच. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या केबलवर चालत नाही.
- छत्रीचा म्हणजे डीटीएचचा बॉक्स: उपग्रहाच्या सिग्नलवर चालतो. त्याला केबलची वायर लावून काही दिसत नाही.
- डीडी फ्री डिशचा बॉक्स: हाही छत्रीचाच, पण प्रसार भारतीचा. त्याला महिन्याचं भाडं नसतं. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच येतो. मिळतील तीच चॅनल बघायची.
- अँड्रॉइड बॉक्स किंवा स्टिक: हे इंटरनेटवर चालतं. केबलशी याचा संबंध नाही.

बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालावा, मोबाईलचं सिम बदलतो तशी केबल बदलता यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने २०२० मध्ये केली होती. प्रत्यक्षात मात्र ग्राहकाला अजून तशी सोय नाही. त्यामुळे बाजारातून किंवा पाहुण्याकडून स्वस्तात जुना बॉक्स आणायचा असेल, तर आधी आपल्या केबलवाल्याला त्याचा नंबर सांगून विचारा, "हा माझ्या नावावर चालू होईल का?" हो म्हणाला तरच पैसे द्या. दुसऱ्याच्या नावावर असलेला किंवा कंपनीने भाड्याने दिलेला बॉक्स कंपनी कधीही बंद करू शकते.

नवा बॉक्स घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आहे का ते बघा. डिजिटल केबल बॉक्ससाठी आयएस १५२४५ हे मानक आहे.

जोडणी नीट कशी करायची?

१. भिंतीतून आलेली केबल बॉक्सच्या 'केबल इन' किंवा 'आरएफ इन' लिहिलेल्या जागी लावा. पिन फिरकीची असेल तर हाताने घट्ट फिरवा, पकडीने आवळू नका. पिनच्या मधली तांब्याची तार सरळ आणि चकचकीत हवी. वाकलेली किंवा हिरवी पडलेली असेल तर चित्र अडकतं.

२. बॉक्समधून टीव्हीला जोडायचे दोन मार्ग आहेत. एक, तीन रंगांची एव्ही वायर. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. दुसरा, एचडीएमआय वायर. तिच्यातून चित्र आणि आवाज एकाच वेळी जातात.

३. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबा आणि ज्या जागी वायर लावली ते नाव निवडा. एव्ही लावली असेल तर एव्ही, एचडीएमआय लावली असेल तर त्याच नंबरची एचडीएमआय. लहान मुलांच्या हातात टीव्हीचा रिमोट गेला की हे हमखास बदलतं आणि मग 'नो सिग्नल' येतं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एचडी बॉक्स आणि एचडी चॅनलचे पैसे भरले, पण जोडणी तीन रंगांच्या वायरीने केली, तर एचडी चित्र दिसत नाही. त्या वायरीतून साधंच चित्र जातं. एचडीचे पैसे वसूल करायचे असतील तर एचडीएमआय वायर लावा. उलट, टीव्ही जुना डबा असेल तर एचडीचं पॅक घेण्यात अर्थ नाही.

चित्र लांबट किंवा दबलेलं दिसत असेल, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचं माप बघा. जुन्या टीव्हीला ४:३ आणि रुंद टीव्हीला १६:९.

घरात दोन टीव्ही असतील तर?

एका बॉक्सवर दोन टीव्ही जोडता येतात, पण दोन्हीवर एकच चॅनल दिसेल. वेगवेगळं बघायचं तर प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स आणि वेगळं कनेक्शन लागतं.

त्यासाठी केबल दोन्हीकडे नेताना मध्ये स्प्लिटर लावतात. हा स्प्लिटर सिग्नल दोघांत वाटतो, त्यामुळे प्रत्येक वाट्याला मूळच्या निम्म्याहून थोडा कमीच येतो. तुमचं घर केबलच्या शेवटच्या टोकाला असेल, म्हणजे वस्तीवर किंवा मळ्यात, तर आधीच कमजोर असलेला सिग्नल आणखी उतरतो. एक टीव्ही होता तोपर्यंत नीट चालत होतं आणि दुसरा लावल्यापासून चित्र फुटायला लागलं, असं असेल तर बॉक्सला दोष देऊ नका. केबलवाल्याला तुमच्या घरापाशी सिग्नल मोजायला सांगा. त्याच्याकडे मीटर असतो.

चित्र गेलं? आधी ही तपासणी करा

डिजिटल सिग्नलचा एक स्वभाव आहे. पुरेसा आला तर चित्र स्वच्छ दिसतं. थोडा कमी पडला की चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो. आणखी कमी झाला की सगळंच बंद. पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. त्यामुळे किरकोळ ढिल्या पिनमुळेही 'पूर्ण बंद' झाल्यासारखं वाटतं. क्रमाने बघत चला.

- बॉक्सवर दिवा लागतोय का? नसेल तर आधी बोर्डाचं बटण बघा. त्याच जागी मोबाईलचा चार्जर लावून वीज येते का ते बघा. वीज येत असून बॉक्स मेला असेल तर अडॅप्टर गेलेला असू शकतो. अडॅप्टर वेगळा मिळतो, त्यासाठी पूर्ण बॉक्स बदलायची गरज नसते. मात्र नवा घेताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या.
- दिवा आहे, पण टीव्हीवर काहीच नाही? टीव्हीचा 'सोर्स' बघा. बॉक्सच्या रिमोटवरचं 'मेनू' दाबा. मेनू दिसला तर टीव्ही, वायर आणि बॉक्स तिन्ही ठीक आहेत. बिघाड केबलमध्ये किंवा रिचार्जमध्ये आहे.
- काही चॅनल दिसतात, काही नाहीत? 'सबस्क्राइब नाही' अशा अर्थाचा संदेश असेल तर विषय पॅकचा किंवा रिचार्जचा आहे. फक्त काही चॅनलचं चित्र फुटत असेल तर सिग्नल कमजोर असण्याची शक्यता जास्त.
- रिचार्ज करूनही बंदच? एखाद्या चॅनलवर बॉक्स चालू ठेवून थोडा वेळ थांबा. तरी आलं नाही तर केबलवाल्याला बॉक्स नंबर सांगून 'सिग्नल पुन्हा पाठवा' म्हणा. हे काम फोनवर होतं, घरी यावं लागत नाही.
- सगळंच अडकलंय? बॉक्सचा प्लग काढा, एक मिनिट थांबा, पुन्हा लावा. रिमोटने बंद-चालू करणं म्हणजे हे नव्हे.
- शेजाऱ्याकडे विचारा. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी उपाय. त्याच लाइनवरच्या शेजाऱ्याचंही बंद असेल तर तुमच्या बॉक्सचा काही संबंध नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडते. घरात लाईट असते, बॉक्स चालू असतो, तरी सिग्नल नसतो. वाटेत सिग्नल वाढवणारी छोटी मशीन खांबावर किंवा कुणाच्या तरी घरी बसवलेली असतात. त्यांनाही वीज लागते. ती मशीन दुसऱ्या डीपीवर असतील आणि तिथली लाईट गेली असेल, तर तुमच्याकडे लाईट असून टीव्ही बंद राहतो. अशा वेळी लाईट यायची वाट बघणं एवढंच करता येतं.

पडद्यावर एखादा कोड किंवा नंबर आला असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कंपनीगणिक या कोडचे अर्थ वेगळे असतात, पण तक्रार करताना तो सांगितला की काम लवकर होतं.

वीज, पाऊस आणि व्होल्टेज

वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की आपण टीव्हीचं बटण बंद करतो आणि निश्चिंत होतो. तेवढ्याने भागत नाही. केबलची वायर खांबाखांबावरून उघड्यावर येते. वीज जवळपास पडली तरी झटका या वायरीतून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत जाऊ शकतो. म्हणून बॉक्सचा प्लग आणि टीव्हीचा प्लग बोर्डातून काढा, आणि केबलची पिनही बॉक्समधून सोडवा. हे सगळं विजा सुरू होण्याआधी करायचं. कडकडाट चालू असताना वायरींना हात लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असेल तर आसपासच्या विजेची सूचना आधी मिळते.

केबलला किंवा बॉक्सला हात लावल्यावर झटका बसत असेल तर तो किरकोळ समजू नका. घरातली अर्थिंग नसणं हे एक कारण असू शकतं, पण केबल कुठेतरी विजेच्या तारेला घासत असेल तर जिवावर बेतू शकतं. पिनला पुन्हा हात लावू नका, घरातलं मेन बंद करा आणि केबलवाल्याला लगेच कळवा. केबल तुटून विजेच्या तारांवर पडलेली दिसली तर तिच्या जवळ जाऊ नका, पोरांना जाऊ देऊ नका आणि १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर कळवा.

व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर टीव्हीच्या स्टॅबिलायझरवरच बॉक्सही लावा. बॉक्स टीव्हीच्या किंवा कपाटाच्या कोंदट जागेत ठेवू नका, त्यावर कापड घालू नका. तो गरम होतो आणि गरम झाला की अडकतो. रिमोटने बंद केला तरी बॉक्स वीज घेतच राहतो. दहा वॅटचा बॉक्स चोवीस तास चालू धरला तर महिन्याला सात युनिटच्या आसपास होतात. रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद केलेलं बरं.

बिल कशाचं येतं?

फेब्रुवारी २०१९ पासून केबलचं बिल दोन भागांत आलं. पहिला भाग म्हणजे नेटवर्कचं भाडं. वायर तुमच्या घरापर्यंत आणली, सिग्नल पोचवला, याचे पैसे. दुसरा भाग म्हणजे पैसे भरून बघायच्या चॅनलची किंमत. दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी.

नेटवर्कच्या भाड्यावर आधी कमाल मर्यादा होती. सुरुवातीला १०० चॅनलपर्यंत १३० रुपये. मार्च २०२० पासून तेवढ्याच पैशांत २०० चॅनल, आणि त्याहून जास्त असतील तर १६० रुपये. घरातल्या दुसऱ्या टीव्हीला हे भाडं ४० टक्क्यांहून जास्त लावायचं नाही, असंही ठरलं होतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. आता कंपनी आपला दर ठरवते, पण तो जाहीर करणं तिला बंधनकारक आहे. "सरकारी दर एवढाच आहे" असं कुणी सांगितलं तर कंपनीचा जाहीर दर दाखवायला सांगा.

हिशेब कसा बघायचा याचं एक उदाहरण. नेटवर्कचं भाडं १३० रुपये आणि तुम्ही घेतलेली चॅनल ६० रुपयांची धरा. बेरीज १९०. त्यावर १८ टक्के म्हणजे ३४ रुपये २० पैसे. एकूण २२४ रुपये २० पैसे. तुमच्याकडून यापेक्षा वेगळी रक्कम घेतली जात असेल तर वरचे पैसे कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा:

- प्रत्येक सशुल्क चॅनल सुटं घेता आलं पाहिजे. "पॅकच घ्यावं लागेल, एकटं चॅनल मिळत नाही" हे नियमात बसत नाही. कधी पॅक स्वस्त पडतं, कधी सुटी चॅनल. घरात खरंच काय बघतात त्याची यादी करा आणि दोन्हीचा हिशेब मांडा.
- चॅनलचे दर बघायला बॉक्सवर ९९९ नंबर लावा. ग्राहकांच्या माहितीसाठी हा क्रमांक ठेवलेला आहे. टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या यादीतही चॅनलची किंमत दाखवलेली असते.

रोख पैसे दिले तर पावती घ्या. दिल्याच्या दिवशीच कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर बॉक्स नंबर टाकून रिचार्ज किती तारखेपर्यंतचा झाला ते बघा. पैसे केबलवाल्याला पोचले आणि कंपनीच्या संगणकात नोंदच झाली नाही, तर बॉक्स बंद पडणारच.

बॉक्स तुमचा की कंपनीचा?

बॉक्स दोन प्रकारे मिळतो. एक, पूर्ण पैसे देऊन विकत. दुसरा, भाड्याने किंवा अनामत रक्कम ठेवून. 'फुकट दिला' असं सांगितलं असेल तर तो बहुधा कंपनीचाच राहतो. दोन्हींत फरक मोठा आहे.

विकत घेतलेल्या बॉक्सला किमान एक वर्षाची वॉरंटी असायला हवी. त्या काळात तो स्वतःहून बिघडला तर दुरुस्ती किंवा बदली कंपनीने करायची. भाड्याचा बॉक्स असेल तर नेहमीच्या वापरातल्या बिघाडाचा खर्च तुमच्याकडून मागता येत नाही, पण कनेक्शन सोडताना बॉक्स चांगल्या स्थितीत परत द्यावा लागतो. अनामत ठेवली असेल तर परत मागायची. विजेने जळाला, पडून फुटला, पाणी गेलं, अशा वेळी मात्र अटी बघाव्या लागतात. म्हणूनच अटींचा कागद हवा.

कनेक्शन घेताना एक अर्ज भरून घेतात. त्याची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. बॉक्स कुठल्या योजनेत घेतला, किती पैसे दिले, वॉरंटी किती, हे त्यावर असतं. तुमच्याकडे ती प्रत नसेल तर आजच मागा. मिळाली नाही तर निदान कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून एवढं विचारा, "हा बॉक्स माझ्या नावावर विकत आहे की भाड्याने?" उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवा.

ऊसतोडीला गेलात, किंवा केबलवाल्याने कंपनी बदलली

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागातली हजारो घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घराला कुलूप, टीव्ही बंद. परत आल्यावर मात्र मागच्या महिन्यांचं बिल पुढे येतं.

रिचार्ज आधी भरायचा असेल तर न वापरलेल्या महिन्यांची थकबाकी होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि महिन्याच्या शेवटी पैसे द्यायची पद्धत असेल, तर गावाबाहेर जाण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी 'सेवा तात्पुरती बंद ठेवा' असं कळवा. तशी सोय नियमांत आहे. त्या काळात बॉक्स भाड्याचा असेल तर त्याचं भाडं लागू शकतं, चॅनलचे पैसे नाहीत. पुन्हा चालू करताना काही शुल्क असेल तर ते आधीच विचारून घ्या. तोंडी सांगू नका. ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या किंवा केबलवाल्याला मेसेज पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. आणि परत येईपर्यंत बॉक्सचा प्लग आणि पिन काढून ठेवा.

दुसरा प्रसंग सगळ्या गावाला लागू होतो. गावातला केबलवाला आणि वरची मोठी कंपनी हे दोन वेगळे असतात. केबलवाला एका कंपनीकडून सिग्नल घेतो आणि घरोघर देतो. दोघांचं पटलं नाही की तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. एका रात्रीत गावातले सगळे बॉक्स निरुपयोगी होतात आणि घराघरात सांगितलं जातं, "नवा बॉक्स घ्या." अशा वेळी:

- नवा बॉक्स कोण देतंय, विकत की भाड्याने, हे लेखी घ्या.
- जुना बॉक्स भाड्याचा असेल तर तो परत केल्याची पावती आणि अनामत मागा. तो कुणाच्याही हातात असाच देऊ नका.
- जुन्या बॉक्सवर रिचार्ज शिल्लक असेल तर त्याचं काय, हे विचारा.
- गावातल्या दहा-वीस घरांनी एकत्र जाऊन बोला. एकट्याने भांडण्यापेक्षा तडजोड चांगली होते.

नको असेल तर छत्री, फ्री डिश किंवा दुसरा केबलवाला हे पर्याय मोकळे आहेत. कुणी सक्ती करू शकत नाही.

तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी केबलवाला. तो ऐकत नसेल तर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक. तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. त्या क्रमांकाशिवाय पुढे काही होत नाही. 'सिग्नल नाही' अशी तक्रार चोवीस तासांत सुटावी, अशी नियमांची अपेक्षा आहे. कंपनीच्या चुकीने सेवा सलग ७२ तासांहून जास्त बंद राहिली तर तेवढ्या दिवसांचे पैसे कमी करून मागता येतात.

तिथेही काम झालं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्याचा संपर्क कंपनीच्या वेबसाईटवर दिलेला असतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. ट्राय नियम बनवते, पण एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वाट बघत बसू नका.

केबलवाला नोंदणीकृत आहे का, हेही विचारता येतं. पूर्वी ही नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. जानेवारी २०२५ पासून ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते आणि पाच वर्षांसाठी असते. बिगरनोंदणीचा केबलवाला चालवतोय असं लक्षात आलं तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात कळवा.

टीव्हीच्या कपाटात एक कागद चिकटवा

त्यावर एवढं लिहा: बॉक्सचा नंबर, नाव कुणाचं आहे, नोंदवलेला मोबाईल नंबर, कंपनीचं नाव, ग्राहक सेवेचा नंबर, बॉक्स विकत की भाड्याने, घेतल्याची तारीख, रिचार्ज संपायची तारीख. नोंदवलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर रिचार्जचे मेसेज भलत्याच माणसाला जात राहतील.

घरात म्हातारे आई-वडील एकटे राहत असतील आणि तुम्ही पुण्या-मुंबईला असाल, तर या कागदाचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी फोन येईल, "टीव्ही लागंना." तेव्हा आधी विचारा, "बॉक्सचा दिवा लागतोय का? मेनू दिसतोय का? शेजारच्यांचं चालू आहे का?" या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून बिघाड बॉक्सचा आहे की बाहेरचा, हे गावाला न जाता कळेल. आणि आई-वडिलांनी नव्या बॉक्सचे पैसे कुणाच्या हातात ठेवण्याआधी तुम्हाला मध्ये बोलता येईल.